बारीक अक्षर

सहाव्या सेमिस्टरच्या जानेवारीत
आम्ही ॲस्पिरिन बनवलं.
सॅलिसिलिक ॲसिड, ॲनहायड्राइड, सल्फ्युरिकचे पाच थेंब,
मग बर्फात ठेवलेल्या बीकरची आतली भिंत
काचेच्या कांडीनं खरवडत बसायचं,
तर अचानक पांढरं काहीतरी उगवून येतं.
यील्ड एकसष्ट टक्के. द्रवणांक बरोबर.
पुडी बांधली, वर रोल नंबर घातला.
सरांनी जर्नलवर सही केली
आणि पुडी बादलीत टाकली.
"खायचं नाही हं कुणी," म्हणाले. सगळे हसले.
मीही.

संध्याकाळी सहा ते दहा मी सीपीआरसमोर,
उपाध्येकाकांच्या मेडिकलात.
बिलं करायची, खोकी फोडायची,
तारखा बघून मागचं पुढं आणायचं.
औषध द्यायचं ते काकांनीच.
त्यांचं लायसन भिंतीवर, काचेमागं,
फोटोत केस अजून काळे.

फेब्रुवारीत एक म्हातारा आला, गगनबावड्याकडचा,
शेवटच्या एसटीच्या घाईत.
पिशवीच उलटी केली काउंटरवर:
चंची, तिकिटं, गोळ्यांची दोन पाकिटं.
"ही बी द्या, ती बी द्या. संपत आल्यात."
पाय सुजलेले. डाव्या वहाणेचा पट्टा
ब्लेडनं कापून सैल केलेला.
एक गोळी गावच्या डॉक्टरची, एक इथली.
एक पाकीट गुलाबी, एक निळं.
नावं वेगळी, मोठ्या ठसठशीत अक्षरांत वेगळी,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
दोन्हींवर एकच: ॲम्लोडिपिन.

काका, हे एकच आहे, मी म्हणाले.
इतकंच.
काकांनी चष्मा कपाळावर ढकलला,
दोन्ही पाकिटं ट्यूबखाली धरली,
फोन लावला, बराच वेळ "हो डॉक्टर, हो" करत राहिले.
मग निळं ठेवून घेतलं.
गुलाबीवर बॉलपेननं सूर्य काढला,
कारण म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं.
एकच सूर्य, किरणांसकट.
"मग चार म्हैनं मी काय खात हुतो?"
त्यानं मला विचारलं, काकांना नाही.

त्या रात्री सायकल हातात धरून
दसरा चौकातून चालत आले.
बादलीतली पुडी आठवत होती.

डिप्लोमाच्या अर्जात बारावीचे गुण मागतात,
पदवीला रकानाच नाही.
खिडकीतल्या इंगवले मॅडम म्हणाल्या,
"बीएस्सीचं कशाला जोडलंयस? उगंच फाईल जाड हुती."
आणि पाच सेमिस्टर टाचणीसकट
माझ्या हातात परत दिली.
दशरथमामा म्हणाला, हे बारावीलाच सुचायचं न्हाई व्हय?
न्हाई सुचलं, मामा.
बारावीला मला फक्त मोठी अक्षरं दिसत होती.

बाबा उद्यमनगरात, फाउंड्रीत.
त्यांना जेवताना सांगितलं.
भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "किती वर्सं?"
"दोन. वर तीन महिने ट्रेनिंग."
"रिजेक्ट माल आमी परत भट्टीत टाकतोच की," म्हणाले,
आणि मला बरं वाटायच्या आत,
"पर भट्टीचं लाइटबिल कोण भरतंय, ते बघून ठेव."
आई आमटी वाढत राहिली.
काकांनी पगार पाचशेनं वाढवला. हिशेब तरी जुळत नाही.

पदवीची परीक्षा देणार आहेच. एप्रिलात पेपर.
नोट्सच्या समासात सूर्य काढून बघते,
गोल जमतो, किरण जास्त होतात.
काका म्हणतात, कमी कर.
एखादा मोजत बसेल,
आणि तितक्या गोळ्या घेईल.