ड जीवनसत्त्व, नऊ

मे महिना, भुसावळ. शटरला हात लावायचा तर फडकं लागतं.
बोरोले काका काउंटरवर रिपोर्ट ठेवतात:
ड जीवनसत्त्व, नऊ.
"तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभा.
इतलं ऊन खाल्लं वं पोरी, गेलं कुठी?"
मी हसत नाही. काउंटरच्या या बाजूला हसायचं नसतं.
आठवड्याला एक गोळी. आठ आठवडे. जेवणानंतर, दुधासोबत.
रविवारी घ्या, म्हणजे ध्यानात राहील.

पुढच्या फळीवर पूर्वी खोकल्याची औषधं असायची.
आता डबे: दंड फुगवलेला माणूस, हिरवं पान, मासा.
जवसाच्या तेलाच्या साठ कॅप्सूल, सातशे चाळीस.
किनगावला सासूबाई जवस कुटतात,
कळण्याच्या भाकरीवर चिमूटभर,
आणि त्याच मला फोनवर विचारतात,
"तुह्या दुकानात ते गुडघ्याचं आलं म्हने?"
कंपनीचा पोरगा आलेख दाखवतो,
बाण वर, अजून वर, काचेबाहेर जाईल असा.
"मॅडम, आता लोक आजारी पडायच्या आधीच येतात."
खरं आहे. आणि आले की थोडा वेळ बसतातही.

नजमा तडवी, पोलीस भरती, आठशे मीटरला धाप लागते.
मोठ्या डब्याकडे बोट. मुठीत घडी केलेल्या नोटा.
मी तिच्या पापणीखालचा रंग बघितला,
म्हटलं, आधी रक्त तपासून घे.
मग लोहाची साधी पट्टी, वरून लिंबूपाणी. चहा नाही.
मान हलवली तिनं, डब्याकडे बघतच.
पंधरा दिवसांनी डबा घेतला,
समोरच्या दुकानातून.

जुलैअखेर काका पुन्हा. रिपोर्ट: चौतीस.
स्टेशनचा पूल न थांबता चढले म्हणे.
गोळीनं, की सकाळी चालायला लागले म्हणून,
मला सांगता येणार नाही,
पाकिटावर लिहिलेलंही नाही.
झालं काका. आता बंद.

ते जागचे हलेनात.
पुण्याचा मुलगा दर रविवारी फोन करायचा,
गोळी घेतली का, बाबा?
"कशाची तरी दे ना. रविवारचीच."

ड जास्त झालं तरी वाईट. कॅल्शियमची त्यांना गरज नाही.
मी फळीकडे वळले
आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.