रकाना

संध्याकाळी सहाला मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो
आणि माझा डावा पाय कामावर रुजू होतो.
हातात बॅटरी, दातांत रबराची नळी.
डास टेकला की डसायच्या आत ओढायचा,
कागदी पेल्यात फुंकायचा, तास लिहायचा.
रात्रीचे सहाशे शिलिंग. गोळ्या आधीच घेतलेल्या.

माझ्या झोपडीच्या वळचणीला ब्वारच्या चार कुंड्या,
केसाळ पानांची, उग्र रानतुळस.
पलीकडे ओबुंगा बसलाय, त्याच्याकडे एकही नाही.
उद्या अदलाबदल,
त्याच्या गोड रक्ताचं खापर झाडावर फुटू नये म्हणून.

गावाचं मत केव्हाच ठरलंय.
होड्यांना डांबर लावणारा ओग्वेनो म्हणतो,
"ब्वार असताना डास? छे!"
आणि म्हणता म्हणता पोटरीवर चापट मारतो.

दहानंतर वारा पडतो.
सरोवराकडून वाळत्या ओमेना मासळीचा वास,
ब्वार मात्र गप्प.
चुरगळली, निखाऱ्यावर टाकली, तरच बोलते ती.
एरवी उभी, वास पोटात धरून.

एकदा न राहवून मी पान मोडलं, नडगीवर चोळलं.
बराच वेळ कुणी फिरकलं नाही.
ते मी लिहिलं नाही. नियमात बसत नव्हतं.

उजाडताना प्रयोगशाळेच्या बाई येतात, पेले मोजतात.
माझे एकतीस. ओबुंगाचे पन्नास.
म्हणजे झाडाचा गुण आहे?
"थोडाफार," त्या म्हणतात, "काही रात्री."

ओग्वेनोला एवढं पुरतं.
मला नाही,
कारण मधले एकोणीस काही मेले नाहीत.
वळचणीशी आले असतील, जरा घुटमळले असतील,
आणि वळले असतील
पुढच्या घराकडे. तिथे आवुओर राहते.
तिची मच्छरदाणी वाळूवर अंथरलेली, वर ओमेना.
कुशीत दोन महिन्यांचं पोर.

वहीत तास आहे, झोपडी आहे,
कुंड्या: होय किंवा नाही.
कुठे गेले, याला रकाना नाही.
बाईंना विचारलं तर त्यांनी पेन उचललं,
मग पुन्हा खाली ठेवलं.

मी पँट खाली सोडतो. पाय माझा होतो, खाजायला लागतो.
ब्वारला तुरे आलेत,
आणि त्यांवर मधमाश्या,
खुशाल, झुंबड करून.