एकास बारा

बुधवारपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एक कड सॉसच्या बाटलीखाली, दुसरी आईच्या कोपराखाली.
शनिवारी नदीवर जायचं.
घरापासून अकरा मैल,
पण तयारी अशी, की सातासमुद्रापार निघालोय.

आई विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहिते:
घडीच्या खुर्च्या. डासांचं औषध. बटाट्याचं सॅलड.
गोळ्या, दोनच्या आणि चारच्या.
जादा पँट.
हे शेवटचं इतक्या बारीक अक्षरात
की तिचं तिलाही वाचता येऊ नये.

थॅड फोनवर नदीची पातळी बघतो.
सहा फूट चार इंच, उतरतेय.
सातावर गेली की धक्का बंद.
त्याला कनू हवीय,
बेटाला वळसा घालायचाय,
आणि आजोबांचं लाइफ जॅकेट यंदा त्याला होतंय.
घालून दाखवलं त्यानं.
सुंदर दिसतोस, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बाबा खिडकीपाशी.
फेब्रुवारीपासून त्यांचा उजवा हात मांडीवर असतो,
शेजाऱ्यानं सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.
शब्द येतात,
पण बँकेतल्यासारखे, नंबर लावून.

काउंटीच्या ऑफिसला फोन मी लावला.
मेविस नावाची बाई, मागे प्रिंटरची कुरकुर.
तीन नंबरची शेड रिकामी आहे, अठ्ठावीस डॉलर.
कुत्रा दोरीला. काचेच्या बाटल्या नकोत.
लाकूड तोडायचं नाही, पडलेलं चालेल.
मी विचारलं, चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जाते का?
मासे धरायच्या त्या धक्क्यापर्यंत?
"रस्ता आहे की."
चढ किती?
कागद चाळल्याचा आवाज. एक खण उघडला, बंद झाला.
"लिहिलेलं नाही हो इथं. फार जुनं काम.
सोमवारी कुणाला तरी पाठवून मोजून घेते."

सोमवारी.
आमचं घोडं शनिवारी अडलेलं.

"एकास,"
खिडकीकडून आवाज आला.
आईचं पेन थांबलं.
बाबांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पुढचा शब्द धडपडत होता,
गळ नीट न लागलेल्या माशासारखा. आम्ही कुणी ओढला नाही.
"बारा."

"एकास बारा," मी मेविसला म्हटलं.
"बरं. कुणी मोजलंय म्हणून लिहू?"
बाबांनी डावा हात वर केला,
वर्गात करतात तसा.
मी नाव सांगितलं. ऑरिन टोलेफसन. दोन एल.

मग तुकड्यातुकड्यांनी, सूप गार होईपर्यंत:
काँक्रीट त्यांनी ओतलेलं. ते, लव्हर्न स्कोग,
आणि सुट्टीत कामाला आलेला एक पोरगा,
ज्यानं पहिल्याच दिवशी बूट त्यात रुतवला.
ऑगस्ट. गोमाश्या.
एका फुटाला बारा फूट, वरून आलेला नियम,
म्हणून रस्ता तीन वळणांचा,
सरळ उतरला असता तर दुपारीच घरी गेले असते.
तिसऱ्या वळणावर सांधा आहे.
थंडीनं उचलला असेल एव्हाना. अर्धा इंच.
आणि लव्हर्न डबा खाताना म्हणाला होता,
कोण येणारेय इथं चाकांवर बसून
कॅटफिश धरायला?

"तू काय म्हणालास?" आईनं विचारलं.
बाबा बराच वेळ शोधत राहिले.
बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू झालं, बंद पडलं.
"हसलो," ते म्हणाले.

आईनं पाकीट उलटं केलं, मागे जागा होती.
एक फळी, तिनं लिहिलं,
ठळक, दाराबाहेरून दिसेल एवढं मोठं.
थॅड शोधायला गॅरेजमध्ये गेला,
लाइफ जॅकेट अजून अंगातच,
पट्टे मागे लोंबत.