एन. पूर्णविराम

दिवसा मी उदगीरच्या तहसिलीसमोर
वंशावळी टाइप करते.
प्रतीला वीस रुपये, स्टॅम्प वेगळा.
अर्जदार, बाप, आजा, पणजा, खापरपणजा,
खाली सही नाहीतर अंगठा.
रात्री त्याच कीबोर्डवर
फ्रान्सातलं एक घराणं,
व्हालब्रूनचे सरदार, सन एक हजार एकतीसपासून.
लियाँच्या कुणा निवृत्त वकिलाला
आपलं रक्त एक्सेलमध्ये हवंय.
नावामागे चार रुपये देतो. वेळेवर देतो.

गी पहिला. त्याचा राउल.
राउलचा तिबो, टकला म्हणून नोंदलेला,
कारण पुढे एक लंगडा तिबो येतो
आणि मधला एक नुसताच तिबो.
आमच्या गल्लीत तीन मारुती होते,
एक बँडवाला, एक चकणा.
तिसऱ्याला हाक मारायची वेळच
कुणावर आली नाही.

एक राउल धर्मयुद्धाला गेला.
जाताना पाणचक्की मठाकडे गहाण टाकली.
पाणचक्कीचा कागद आहे.
राउलच्या पुढे प्रश्नचिन्ह.

एका लग्नाला तळटीप:
वधू चौथ्या पिढीतली नात्यातली,
पोपची परवानगी घेऊन.
मी टाइप करता करता थांबले.
मला मामाच्या घरात दिली
तेव्हा पोप राहू द्या,
मलासुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

आणि मुलींच्या रांगेत जागोजाग
एन. आणि पुढे टिंब.
आधी वाटलं, त्या काळी फार चालणारं नाव असेल,
एकाच घरात चार-चार जणींचं.
वकिलाला विचारलं.
त्यानं लिहिलं, लॅटिन आहे,
नाव माहीत नाही, असा अर्थ.
ता. क. एन.चे पैसे धरू नयेत.

एन., दुसऱ्या गीची मुलगी,
हुंड्यात दोन द्राक्षमळे.
मळ्यांची नावं दिली आहेत.

मंगळवारी तोंडारचे मन्मथअप्पा आले
मळक्या पिशवीत फसली तेराशे अडतीसचा उतारा घेऊन.
हफीजचाचांनी उर्दू वाचून दाखवलं,
शेत, आकार, शेजारचं शेत,
आणि नाव होतं तिथं वाळवीनं केलेली खिडकी.
त्या खिडकीतून चाचांचं बोट दिसत होतं.
अप्पा म्हणाले, "पणज्याचं नाव काही ध्यानात येईना, बाई.
पण त्याची माय गुरव्वा.
तिच्या नावाची बारव हाय आमच्यात,
गुरव्वाची बारव, कुणालाबी इचारा.
तिनंच खांदली म्हणत्येत,
नवरा परागंदा झाल्यावर."

नमुन्यात चौकटी असतात.
चौकटीतून चौकटीकडे बाण.
मी म्हणाले, "बाईचं नाव चालत नाही, अप्पा."
मीच म्हणाले ते,
पंख्याखाली बसून, त्यांच्याकडे न बघता.
अप्पांनी कागद घडी केला,
पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला.
वीस रुपये टेबलावर ठेवून निघाले.
मी परत दिले, तर म्हणाले,
"ठिवा, तुमचा येळ गेला."

रात्री लाइट दोनदा गेली.
तिसऱ्यांदा आली तेव्हा ओळ क्रमांक दोनशे सतरा,
सन सुमारे अकराशे नव्वद,
वडील टकला तिबो, आई एन.,
स्वतः एन.,
विवाह झाला, कुणाशी ते नाही.
आठशे वर्षांत
तिच्या रकान्यात कुणी काही ठेवलं नव्हतं.
मी गुरव्वा लिहिलं.
रोमन लिपीत, त्यांना वाचता यावं म्हणून.
वाचून पाहिलं. व्हालब्रूनची गुरव्वा.
मग हिशेबाच्या रकान्यात चार रुपये टाकले
आणि खोडले.
नाव ठेवलं.

फाइल जाऊन आज अकरा दिवस झाले.
पैसे जमा झाले, चार रुपये जास्तीचे.
बँकेचा मेसेज मी परत उघडून बघते,
त्यात पाठवणाऱ्याचं नाव असतं,
माझंही असतं,
लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं.