नऊ हजार नऊशे नव्याण्णवनंतर

उदगीरच्या डाळमिलीत गफूरचाचा पोती मोजायचे.
मुठीत मावणारं लोखंडी यंत्र, चार खिडक्या;
पाठीवरून पोतं उतरलं की अंगठ्यानं टक.
नऊ हजार नऊशे नव्याण्णवनंतर एक टक,
आणि चारही खिडक्यांत शून्य.
यंत्राला लाज नव्हती.

चाचा तापानं पडले त्या हंगामात
मोजायला नवं पोरगं होतं. ते टकटकत राहिलं.
मुनीमजींनी खिडकीत पाहून वहीत लिहिलं: बारा.
बारा पोत्यांपुरता कोपरा दिला.
गोदामात भिंत नव्हती, चुन्याची रेघ होती,
आणि रेघेपलीकडे कलवण्यांची बियाण्याची करडई.
तूर येतच राहिली.

आज त्याच गावात, गच्चीवरच्या खोलीत
कर्नलची एक जुनी ओळ उघडून बसलेय.
नग गुणिले माप, तेवढी जागा दे.
वीस वर्षं तिला कुणी हटकलं नाही.

कुणी पासष्ट हजार पाचशे छत्तीस नग मागितले,
एकेकाचं माप त्याहून एकानं मोठं,
तर बत्तीस खान्यांत उत्तर मावत नाही.
वरचा आकडा गळतो, कुठं पडला ते कळतही नाही,
खाली उरतात तेच पासष्ट हजार पाचशे छत्तीस:
एका नगालासुद्धा एका बाइटनं तोकडी जागा.
मेमरी ती देते, बिनतक्रार.
मग लिहिणारा लिहीत सुटतो
कुणाच्या तरी करडईवर.

"काय लिहूलालीस रातभर?" आई जिन्यातून.
"गुणाकार खोडूलाले."
"एवढंच?"
एवढंच.
त्या जागी अशी हाक, जी आधी मापून बघते,
न मावलं तर शून्यावर उलटत नाही,
शेवटच्या आकड्यावर अडून बसते.
तेवढी जागा कुणाकडेच नसते,
म्हणून कर्नलला नाही म्हणावं लागतं.

चाचा बरे होऊन आले तेव्हा असंच करायचे.
चार नऊ दिसले की अंगठा काढायचे,
यंत्र खिशात, स्वतः पोत्यावर.
"पहिले वहीत लिखो. फिर उतारो."
पाठीवर शंभर किलो घेतलेली माणसं
त्यांच्या सात पिढ्या काढायची.

एक ओळ गेली, एक आली.
मुद्दाम अवाढव्य आकडा देऊन पाहिला.
जागा नाही, म्हणाला पडदा.
या फायलीत अशा अजून एकेचाळीस ओळी.
चहा गार झालाय,
आणि पाठीवर ओझं घेतलेलं कुणीतरी
मला शिव्या घालतंय.