परिशिष्ट ब

करारनाम्याच्या शेवटी टाचलेलं एक पान होतं.
परिशिष्ट ब : सदनिकेतील सामान.
अनुक्रमांक सात : जेवणाचं टेबल, सागवानी, एक. निर्दोष.
आठ : सोफा, तीन आसनी, मातकट. निर्दोष.
कर्णिकबाईंच्या मुलाने, आमोदने,
हैदराबादेत बसून टाइप केलेलं,
आणि दर ओळीपुढे तो शब्द लिहिताना
त्याचं बोट एकदाही अडखळलेलं दिसत नव्हतं.

निमिष तेव्हा दहा महिन्यांचा.
खालचे दोन दात नुकतेच आलेले.

आम्ही जांभळी नाक्यावरून फोम आणला,
मीटरवर मिळतो तो, पाइपाला लावतात तसला,
चारही कोपऱ्यांना बांधला.
तो त्याने खाल्ला.
मग जुन्या मोज्यांचे गोळे, त्यावर चिकटपट्टी.
सोफ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर,
कारण मे महिन्यात पाठ सुटत नव्हती.
टीपॉय पलंगाखाली गेला तो गेलाच.
ड्रॉवरांना नाड्या. शोकेसला कुलूप, किल्ली फ्रिजवर,
आणि फ्रिजवर पोचायला कुठली खुर्ची पुरते
हे त्याला माझ्याआधी कळलं.

पाचपाखाडीतल्या त्या दोन खोल्यांत
दिवसातून किती वेळा म्हणाले असेन मी,
'आपलं नाहीये ते, राजा.'
एकदा पाहुण्यांनी विचारलं, बाळ, घर कुणाचं हे?
तर म्हणाला, 'नाहीये.'

जागा सोडायच्या आदल्या रविवारी
शैलेश चार्जर शोधायला टेबलाखाली शिरला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.
'इकडे ये,' म्हणाला. 'आडवी हो.'

टेबलाच्या पोटाला, जिथे पॉलिश पोचत नाही,
एक बस होती. जांभळी.
सहा खिडक्या, दोन चाकं, त्यातलं एक भलतंच मोठं,
आणि खिडक्या-खिडक्यांतून हिरवी माणसं,
काहींना हात एकच.
तीन वर्षं आम्ही वरून राखण करत होतो
आणि हा खाली उताणा पडून
गर्दी भरत होता.

टेबल उलटं केलं, चारही पाय वर.
टूथपेस्ट, लिंबू, नेलपॉलिशचा रिमूव्हर,
शेवटी शेजारच्या भोपींकडून थिनर.
हिरवी माणसं एकेक करून निघाली.
बस जागची हलली नाही.
पॉलिशपेपर मारला तर रंग लाकडाच्या आतपर्यंत.
'दोन हजार जाणार,' शैलेश म्हणाला.
'पाच,' मी म्हणाले.

कर्णिकबाई आल्या. चष्मा, यादी, गळ्यात दोरीचं पेन.
सोफ्याच्या हातावरची चादर उचलली,
भोकात बोट घातलं, ते अख्खं आत गेलं.
'अडीच,' म्हणाल्या, आणि लिहिलं.
टेबलावर तळवा फिरवला, छान म्हणाल्या, वळल्या.
आणि निमिषने त्यांची ओढणी धरली.
'आजी, खाली बस.'
'नको रे बाबा, गुडघे धरतात माझे.'
'नाही! खाली बस आहे.'

मी शैलेशकडे पाहिलं. शैलेशने पंख्याकडे.

खुर्चीला धरून, गुडघा कटकन वाजवत
त्या वाकल्या. मग सरळ बसल्याच फरशीवर.
मान तिरपी करून कितीतरी वेळ.
मी मनात अनामत रकमेतून वजाबाक्या करत होते.
'तेव्हा टीएमटी नवीन होती,' म्हणाल्या.
'मी घासली होती हो. नाही निघाली.'
मग थोड्या वेळाने,
'आता स्वतःच्या मुलींना सोफ्यावर पाय घेऊ देत नाही तो.'

निमिष त्यांच्या शेजारी सरपटत आत गेला
आणि ओरडला,
'माझी माणसं कुठे गेली?'
आम्ही दोघंही गप्प.
बाईंनी आमच्या थिनरने सोललेल्या हातांकडे पाहिलं.
'उतरली असतील,' म्हणाल्या,
'तीन हात नाक्याला.'

उठायला मात्र दोघांनी धरावं लागलं.
सातपुढे बरोबरची खूण केली,
आठचे अडीच हजार तसेच ठेवले.