रकाना चौदा

बँकेतून निवृत्त झाले, आकडे काही सुटले नाहीत.
दुपारी तीन ते पाच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर बसते,
झेरॉक्स मशीन आणि वॉटर कूलरच्या मधे,
आणि ऑपरेशन होऊन गेलेल्या मुलांच्या घरी फोन लावते.
खिडकीखाली विश्वामित्री, काठावर एखादी मगर ऊन खात.

तक्ता मांकोडीसाहेबांनी आखून दिलेला.
नाव, गाव, वजन किलोत, दशांशासह.
कोणता पडदा, केवढं छिद्र,
हृदय किती मिनिटं थांबवून ठेवलं होतं:
बावन्न. एकशे अकरा. एकोणचाळीस.
रकाना चौदा: आज कसं आहे.
त्यात तीनच उत्तरं मावतात.
ठीक. नाही. संपर्क झाला नाही.

माझं गुजराती बडोद्याचं, म्हणजे अर्धं मराठी.
पलीकडचं राठवी, भिली, कधी झाबव्याकडचं.
"केम छे छोकरुं?"
"हारुं छे."
हारुं म्हणजे सारुं, सारुं म्हणजे बरं.

देवगढ बारियाची सुरमी, आली तेव्हा सव्वासहा किलो,
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
तिची आई फोन तिच्या तोंडाशी धरते
आणि मला नुसतं कुरुम कुरुम ऐकू येतं.
काकडी आहे, म्हणते आई.
मी लिहिते: ठीक.
पादऱ्याच्या इम्तियाजचे वडील आधी माझी तब्येत विचारतात,
मग मुलाचं वजन सांगतात,
दुकानातल्या कांद्याच्या काट्यावर केलेलं.

बोडेलीच्या बाईंनी मुलाचं नाव ऐकलं,
म्हणाल्या, थांबा, आणि फोन खाली ठेवला, बंद न करता.
सहा मिनिटं मी त्यांचं अंगण ऐकलं.
कोंबड्या. राखेनं भांडं घासल्याचा आवाज.
त्या परत आल्या नाहीत.
तारीख नंतर आशा वर्करकडून कळली:
अकराव्या महिन्यात, तापानं.
हृदय ठणठणीत होतं.
हे लिहायला रकाना नाही.
साहेबांना विचारलं, हा आपल्यात धरायचा का?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"धरा, शशीबेन. आपलाच आहे."

शंभर मुलं झाली तेव्हा परिषदेसाठी टक्के हवे होते.
त्र्याण्णव ठीक. साहेब म्हणाले, चांगलं आहे.
चांगलंच आहे.
पण बँकेत सात रुपयांचा फरक आला
तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो,
सापडेपर्यंत.

सातातले चार सापडलेले आहेत.
उरलेले तीन नंबर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलेत.
कारेलीबागेत घरी आले, भाजी गॅसवर टाकली
की एकदा लावून बघते.
"आ नंबर अस्तित्वमां नथी,"
सांगते ती बाई, अगदी गोड आवाजात.

काल एक लागला.
कवांटचा कनू, आता नऊ वर्षांचा,
बाप मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात गेला
तेव्हापासून हरवलेला.
"हलो," म्हणाला, आणि पुढे नुसती धाप.
माझ्या हातातला झारा तसाच राहिला.
धाप कधीपासून लागते रे?
झोपेत लागते? पायांना सूज?
ओठ बघ आरशात, कुठल्या रंगाचे आहेत,
घरात मोठं कोण आहे, त्यांना दे—

"दोडतो आव्यो," तो म्हणाला.
फोन दुकानात चार्जिंगला होता,
दुकानदारानं हाक मारली, धावत आलो.
कुठून?
"पेला झाडेथी."
त्या झाडापासून.
कुठलं झाड, किती लांब, मी विचारलं नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर मात्र पाहिलं,
जणू दिसणार होतं.
एवढ्यात तो कुणाला तरी ओरडून म्हणाला, आलो,
आणि गेला. फोन दुकानदाराच्या हातात.

भाजी तळाला लागली होती.
तशीच खाल्ली.
आज त्र्याण्णवचे चौऱ्याण्णव करायचे आहेत, खाडाखोड न करता,
आणि चिठ्ठीवर अजून दोन नंबर.